कुत्रं चावायच्या आधी काय सांगत असतं

साताऱ्यात काय किंवा सांगलीत काय, सरकारी दवाखान्यात रेबीजच्या इंजेक्शनसाठी बसलेल्या माणसांशी दोन शब्द बोललं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘काही केलं नव्हतं हो, उगाच चावलं.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या बाजूने खरोखरच काही घडलेलं नसतं. तो दुधाची पिशवी आणायला निघालेला असतो, रात्री उशिरा गाडीवरून घरी चाललेला असतो किंवा पाहुण्यांच्या घरी सोफ्यावर चहाची वाट बघत बसलेला असतो. कुत्र्याच्या बाजूने मात्र त्याआधीच्या दहा-पंधरा सेकंदांत बरंच काही होऊन गेलेलं असतं. त्यातलं बहुतेक त्याने सांगितलेलंही असतं. पण ते सांगणं तोंडाने कमी आणि अंगाने जास्त असतं, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही.

कारणं मोजायला बसलं तर डझनभर निघतील. व्यवहारात तीन पुरतात. पहिलं आणि सगळ्यात मोठं : कुत्र्याला अंतर हवं असतं आणि ते मिळत नसतं. दुसरं : समोरून काहीतरी पळतंय आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं त्याच्या रक्तात आहे. तिसरं : ते पिसाळलंय. आपण तिन्हींना एकाच मापाने मोजतो आणि तिन्हींवर एकच उपाय करतो, तो म्हणजे पळत सुटणं, नाहीतर दगड उचलणं. पहिल्या प्रकारात शांतपणे लांब गेलं की विषय मिटतो. दुसऱ्यात लांब पळालं की विषय वाढतो. तिसऱ्यात कुत्र्याशी कितीही समजुतीने वागून उपयोग नसतो. तिथे साबण, पाणी आणि इंजेक्शन एवढंच कामाला येतं.

‘लांब हो’

चावणं हे कुत्र्याला महागात पडू शकणारं काम आहे. त्यासाठी जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की लाथ बसते, काठी बसते, एखादा दात तुटतो. रस्त्यावरच्या जनावराचा जबडा दुखावला की त्याची उपासमार ठरलेली. म्हणून ती वेळ येऊच नये यासाठी त्याच्याकडे इशाऱ्यांची मोठी उतरंड असते.

समजा, साताऱ्यातल्या शाहूपुरीत एका घरात गौरी-गणपतीला माणसं जमलीत. घरात सात वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, आजवर त्याने कुणाला नख लावलेलं नाही. पुण्याहून आलेली चार वर्षांची भाची त्याच्या गळ्यात पडते. मोठी माणसं फोन काढतात, फोटो छान येणार असतो. कुत्रं आधी तोंड दुसरीकडे वळवतं. मग जांभई देतं. अवघडल्यावरही कुत्री जांभई देतात, झोप यायलाच हवी असं नाही. मग समोर खायला काही नसताना जिभेने पटकन स्वतःचं नाक चाटतं. कान मागे जातात. मान एका बाजूला आणि नजर मुलीकडे, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसायला लागते. मुलगी मिठी आणखी घट्ट करते. आता त्याचं उघडं तोंड मिटतं, धापणं थांबतं आणि ते क्षणभर जागच्या जागी थिजतं. हा थिजण्याचा क्षण ओळखता आला तर निम्मे चावे टळतील असं माझं मत आहे. कारण यानंतर गुरगुर, मग ओठ वर जाऊन दात दिसणं, मग हवेत तोंड मारणं आणि मग चावा, एवढ्याच पायऱ्या उरतात आणि त्या फार भराभर उतरल्या जातात. घरात त्या वेळी काय चाललेलं असतं? ‘अगं बघ, किती लाड करून घेतोय!’

मुलांच्या बाबतीत ही अडचण दुहेरी असते. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवून पाहिले, तेव्हा चार-पाच वर्षांच्या अनेक मुलांना दात विचकलेलं कुत्रं ‘हसतंय’ असं वाटलं. म्हणजे मोठा माणूस जिथे मागे सरतो, तिथे मूल पुढे सरकतं. त्यात उंची अशी की मुलाचा चेहरा आणि कुत्र्याचं तोंड समोरासमोर. मोठ्यांना पोटरीला, हाताला चावे बसतात. लहान मुलांना गालाला, ओठाला, मानेला. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांत १५ वर्षांखालची मुलं सुमारे ४० टक्के असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलं पुष्कळदा घरी सांगतही नाहीत, मार बसेल म्हणून.

आता गुरगुरण्याबद्दल. आपल्याकडे कुत्रं गुरगुरलं की त्याच्या तोंडावर चापट बसते, ‘मालकावर गुरगुरतोस?’ दोन-चारदा असं झालं की कुत्रं गुरगुरायचं सोडतं. मालक खूश होतो. वास्तविक त्याची भीती किंवा चीड होती तिथेच असते, फक्त वर येण्याचा एक रस्ता बंद झालेला असतो. असलं कुत्रं पुढे थेट चावतं आणि मग ‘कसलीही सूचना न देता चावलं’ अशी त्याची ख्याती होते. गुरगुरणारं कुत्रं अजून तुमच्याशी बोलतंय असं समजावं आणि मागे व्हावं.

शेपटीनेही माणसं फसतात. शेपूट हलली म्हणजे कुत्रं खूश, हे अर्धवट खरं आहे. सैल अंगाने, कंबर हलवत हलणारी शेपूट खुशीची. ताठ उभी, वरच्या वर थरथरल्यासारखी हलणारी शेपूट म्हणजे कुत्रं तापलेलं आहे. पाठीवरचे केस उभे असतील, वजन पुढच्या पायांवर असेल आणि नजर रोखलेली असेल, तर शेपटीकडे बघूच नका.

कधी एकेक कारण क्षुल्लक असतं, पण ती साठतात. विसर्जनाच्या रात्री मोती चौकातून डॉल्बी गेला. कुत्र्याला माणसाच्या दुपटीहून जास्त उंच पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि तो दणका त्याने रात्रभर सोसलेला असतो. झोप नाही. सकाळी घरात पाहुण्यांची वर्दळ, जेवण उशिरा. मग दुपारी कुणीतरी त्याच्या शेपटीवर चुकून पाय देतं. एरवी ते केकाटून उठून गेलं असतं, आज चावतं. गच्च भरलेल्या एसटीत कऱ्हाडपासून उभा आलेला माणूस साताऱ्याच्या स्टँडवर एका साध्या धक्क्यावरून भांडतो, त्यातलाच हा प्रकार. ताणाची रसायनं अंगातून उतरायला वेळ लागतो, कधी दिवस-दोन दिवससुद्धा. म्हणून दिवाळीच्या फटाक्यांनंतर किंवा मिरवणुकीनंतर कुत्र्याला एका शांत खोलीत, हात न लावता पडू द्यावं.

अंतर कुठे कुठे संपतं

घाबरलेल्या जनावरापुढे पळणं किंवा भिडणं हे दोन मुख्य रस्ते असतात. पळायची वाट बंद झाली की भिडणं उरतं. ही वाट बऱ्याचदा आपणच बंद करतो आणि त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे साखळी. बंगल्याच्या फाटकाशी, शेतातल्या घराच्या ओट्याला चोवीस तास बांधलेलं कुत्रं तिखट होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. काही जण मुद्दाम त्यासाठीच बांधतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावणाऱ्या आणि न चावणाऱ्या पाळीव कुत्र्यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. चावणाऱ्यांत नर, खच्चीकरण न झालेले आणि अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे ठळकपणे जास्त होते. बांधलेल्या कुत्र्याला मागे सरता येत नाही. समोरून येणारा प्रत्येक माणूस त्याच्या दृष्टीने अंगावर येणाराच असतो.

यात आणखी एक गंमत आहे. फाटकावर पोस्टमन येतो, गॅसवाला येतो, हल्ली दिवसातून चारदा पार्सलवाला येतो. कुत्रं भुंकतं. माणूस त्याचं काम उरकून निघून जातो. कुत्र्याचा हिशोब मात्र असा की मी भुंकलो म्हणून तो गेला. रोज जिंकणारा माणूस जसा धीट होत जातो तसंच इथे होतं आणि एक दिवस फाटक उघडं राहतं.

जिना हीसुद्धा एक अडचणीची जागा. अपार्टमेंटच्या जिन्यात वरच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं, खालून वर येणारा माणूस, मागे भिंत. कॉटखाली, मोटारीखाली, टपरीच्या मागच्या बोळात तेच. अशा ठिकाणी थोडं थांबून तोंडाने आवाज करावा, त्याला उठून जायला जागा द्यावी. झोपलेल्या कुत्र्याला हाताने उठवू नये. पाळलेलं असलं तरी लांबूनच हाक मारावी. म्हाताऱ्या कुत्र्याला ऐकू कमी येतं, दिसत कमी असतं, ते दचकून चावतं आणि नंतर स्वतःच ओशाळतं.

दुखणं हे कारण आपण सर्वात कमी लक्षात घेतो. पावसाळ्यात साताऱ्याच्या रस्त्यांवर कानामागे नाहीतर मानेवर अळ्या पडलेलं कुत्रं दिसतंच दिसतं. एखादा कनवाळू माणूस हळद किंवा टर्पेंटाइनची बाटली घेऊन जातो, कुत्र्याला कुरवाळतो, ते शेपूट हलवतं, आणि बोट जखमेच्या कडेला लागताच त्याच हाताचा चावा घेतं. यात कृतघ्नपणा कसला? जबड्यावर जाळी किंवा कापडाची पट्टी बांधल्याशिवाय दुखऱ्या जागेला हात लावायचा नाही, हा जनावरांच्या डॉक्टरांचा साधा नियम आहे. घरातलं शांत कुत्रं अचानक चिडचिडं झालं तर आधी त्याचे कान, दात आणि मागचे सांधे तपासून घ्यावेत. कान पिकलेला असतो आणि घरातली पोरं तोच कान ओढत असतात.

खाण्यावरून होणारे चावे आपल्याला कळतात, निदान कळतात असं वाटतं. ताटलीत तोंड घातलेल्या कुत्र्याला हात लावू नये हे लहानपणापासून सांगितलं जातं. रस्त्यावर मात्र ताटली दिसत नाही. चिकनच्या दुकानामागे संध्याकाळी पिसं-आतडी टाकली जातात, तिथे सात-आठ कुत्री जमतात, एकमेकांवर दात काढत असतात, आणि नेमका क्लासवरून सुटलेला मुलगा सायकल घेऊन मधून जातो. त्याला चावणाऱ्या कुत्र्याचं भांडण त्याच्याशी नव्हतंच. दोन कुत्र्यांची मारामारी सोडवायला मध्ये हात घालणाऱ्यांचंही असंच होतं : तापलेलं जनावर मध्ये येईल त्याला चावतं, मालक आहे की परका हे बघायला त्याला फुरसत नसते. बादलीभर पाणी ओतावं, पोतं टाकावं, हात घालू नये.

आणि पिल्लं. भाद्रपद हा कुत्र्यांचा हंगाम, हे आपल्याकडे शिव्यांतूनसुद्धा माहीत असतं. कुत्री ६३ दिवसांच्या आसपास गाभण असते, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे, कार्तिक-मार्गशीर्षात गल्लोगल्ली पिल्लं दिसायला लागतात. थंडीचे दिवस; आई ऊब शोधत पार्किंगमध्ये, बंद दुकानाच्या पायरीखाली, बांधकामावरच्या वाळूच्या ढिगाआड व्यालेली असते. वर्षभर ओळखीची, बिस्किटाला हात चाटणारी काळी कुत्री या सहा-आठ आठवड्यांत एकदम अंगावर येते. ती बदललेली नसते, तिला हवं असलेलं अंतर तेवढं वाढलेलं असतं, दोन फुटांचं वीस फूट. सोसायटीने त्या कोपऱ्यातली एक गाडी महिनाभर दुसरीकडे लावली आणि पोरांना पिल्लं उचलू दिली नाहीत तर पौष संपेपर्यंत सगळं पूर्ववत होतं.

याच दिवसांत ऊसतोड सुरू झालेली असते. फडाच्या कडेला मजुरांच्या कोप्या पडतात, त्यांची कुत्री येतात. माण-खटावकडचे धनगर मेंढरं घेऊन बागायती पट्ट्यात उतरतात, रानात मेंढरं बसवतात. धनगराचं कुत्रं राखणीसाठीच वाढवलेलं असतं. कळपाच्या भोवती त्याची एक अदृश्य हद्द असते आणि रात्री ती ओलांडणाऱ्याला ते माफ करत नाही. आपल्या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ते बांधावरच थांबतात, बॅटरी खाली धरतात आणि हाक देतात, ‘ए पावणं, कुत्रं धरा!’ धनगर उठून कुत्र्याला नावाने बोलावतो, मगच माणूस पुढे जातो. कुत्र्याच्या वागण्यावरचा एवढा नेमका धडा मी कुठे वाचलेला नाही. मुंबई-पुण्याहून रानात हुरड्याला आलेले लोक मात्र ‘कम हिअर, गुड बॉय’ करत सरळ आत घुसतात.

गाडीमागे धावणारं कुत्रं

रात्री अकराला पोवई नाक्यावरून गोडोलीकडे गाडीवरून जाताना जे मागे लागतं, त्याचं गणित वेगळं आहे. लांडग्याच्या शिकारीचे टप्पे असतात : हेरणं, रोखून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, मारणं. माणसाच्या संगतीत, किमान १५ हजार वर्षांत, कुत्र्यात ही साखळी तुटक झाली. पुढचे टप्पे बहुतेकांत विरले, पाठलाग मात्र शाबूत राहिला. त्यामुळे पळणारी वस्तू दिसली की पाय आधी निघतात. गाडी थांबली तर काय करायचं, याचा बहुतेक कुत्र्यांनी विचारच केलेला नसतो. एकदा थांबून बघा : ते गोंधळतं, दोन पावलं मागे घेतं आणि लांबून भुंकत राहतं.

म्हणून वेग वाढवू नये. पाय वर घेऊ नयेत, तोल जातो. अशा प्रसंगात मोठी दुखापत होते ती पुष्कळदा दातांनी नव्हे, पडण्याने. गाडी हळू करावी, सरळ रेषेत ठेवावी, फारच जवळ आलं तर थांबून जाड आवाजात ‘हाड!’ म्हणावं. पायी असाल तर पळू नका, पाठ करू नका, हात अंगालगत ठेवा, नजरेला नजर न देता आडवं सरकत जागा सोडा. पिशवी, छत्री, दप्तर जे असेल ते मध्ये धरा. पडलातच तर अंग मुडपून मान आणि कान हातांनी झाका. मुलांना हे शाळेच्या मैदानावर खेळ म्हणून शिकवता येतं.

दगड उचलल्याचं सोंग करणं हा आपला राष्ट्रीय उपाय. तो चालतो, यात शंका नाही. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच काम करतो. माणूस बोटाने काय दाखवतोय आणि तो धमकावतोय की चुचकारतोय, हे या कुत्र्यांना चांगलं कळतं, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. वाकलेला माणूस म्हणजे येणारा दगड, हे भारतातल्या कुत्र्याने अनुभवाने पाठ केलेलं आहे. पण हा उपाय मोकळ्या रस्त्यावरच्या धाडसी कुत्र्यासाठी. कोपऱ्यात सापडलेल्या किंवा पिल्लांच्या आईपुढे वाकलात तर उलटंच होतं.

मग तेच कुत्रं दिवसा वडापावच्या गाड्यापाशी गरीब गाईसारखं कसं पडलेलं असतं? दिवसा रस्ता सगळ्यांचा असतो, इतकी माणसं जातात की कुणाकुणावर भुंकणार. दुकानं बंद झाली, वर्दळ संपली की तोच तुकडा त्यांच्या टोळीची हद्द होतो आणि येणारा प्रत्येक जण उपरा. टोळीत बळही चढतं. एकटं असताना शेपूट पायात घालणारं कुत्रं चार जणांत पुढे धावतं. पहिलं भुंकतं कशावर हे मागच्या तिघांना माहीतही नसतं. पहाटे काळोखात अजिंक्यतारा किल्ल्याच्या नाहीतर ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकाच्या वाटेला लागणाऱ्यांना हा अनुभव येतो. तिथे काठी मारण्यासाठी नव्हे, मध्ये अंतर ठेवण्यासाठी न्यावी, आणि शक्यतो दोघा-तिघांनी जावं.

जात आणि संगोपन

रॉटवायलर, पिटबुल यांच्यावरून बराच वाद घातला जातो. मोठ्या जबड्याचं कुत्रं चावलं तर जखम मोठी होते, हे उघड आहे. पण ते चावेल की नाही हे जातीवरून फारसं सांगता येत नाही. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, त्यात वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने समजावता आला. जास्त फरक पडतो तो पिल्लू तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या-साडेतिसऱ्या महिन्यापर्यंत काय काय बघतं याने. या काळात म्हातारी माणसं, रडणारी पोरं, हेल्मेट, छत्री, बुरखा, कुकरची शिट्टी हे सगळं त्याच्या नजरेखालून शांतपणे गेलं तर पुढे त्याला त्याचं भय राहत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पिल्लू महिन्याचं असतानाच आईपासून तोडून विकतात आणि नंतर फ्लॅटमध्ये कोंडून ठेवतात. वर्षाने ते लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावतं. सातारा जिल्ह्यात शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, गावोगावी जनावरांचे दवाखाने आहेत, पण कुत्रं घेताना लोक तिथे विचारत नाहीत, रील बघतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या बाबतीत ‘सगळी उचलून लांब सोडा’ ही मागणी दर चाव्यानंतर होते. मागणाऱ्यांचा राग समजण्यासारखा आहे. ज्याच्या पोराचा गाल फाटलाय त्याला धीर धरा म्हणून कसं सांगणार. पण नुसतं हलवून फार दिवस काही होत नाही, कारण उकिरडा तिथेच राहतो. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या भागातली, अनोळखी, हद्दीसाठी भांडणारी कुत्री येतात. नसबंदी आणि लस देऊन त्याच गल्लीत परत सोडणं, हे २००१ च्या आणि आता २०२३ च्या केंद्रीय नियमांत त्यासाठीच आहे. अशा कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते, ती लांबूनही ओळखता येते. जयपूरमध्ये अनेक वर्षं सातत्याने नसबंदी चालली, तिथे रुग्णालयात येणारे चावे कमी झाल्याचं नोंदलं गेलं. ‘सातत्याने’ हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून एकदा पन्नास कुत्री पकडून फोटो काढले की तेवढं भरून यायला एक भाद्रपद पुरतो. खाऊ घालणाऱ्यांनाही नियम आहेत : जागा ठरलेली असावी, जिना, दार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब असावी, वेळ कमी वर्दळीची असावी. प्रेमाने टाकलेली पोळी शाळेच्या फाटकासमोर पडली तर ती कुत्र्यालाही अडचणीतच आणते.

पिसाळलेलं

आतापर्यंतचं सगळं तर्कशास्त्र इथे संपतं. रेबीजचा विषाणू नसांतून सरकत मेंदूपर्यंत जातो, वागणं बिघडवतो आणि लाळेत उतरतो. असं कुत्रं अंतर मागत नाही. ते चालता चालता माणसाला, गाईला, लाकडाला, दगडाला तोंड लावत जातं, आवाज घोगरा होतो, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. पण दुसरा, मुका प्रकारही असतो आणि तो जास्त फसवा. कुत्रं कोपऱ्यात गप्प बसतं, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही. लोकांना वाटतं घशात हाड अडकलंय, आणि हाड काढायला हात घालतात. तसं मुळीच करू नये. पाण्याची भीती हे लक्षण माणसाचं. कुत्रं पाण्याला घाबरत नाही म्हणून ते पिसाळलेलं नाही, असं समजू नये.

जगात माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमार्फत होतो आणि लक्षणं सुरू झाल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. चाव्यापासून लक्षणांपर्यंत सहसा दोन-तीन महिने जातात, कधी आठवडा, कधी वर्षभर. उपचाराला संधी मिळते ती याच काळात.

दात लागल्याबरोबर नळाखाली जखम धरायची आणि साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच लांब असतात. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावायचं. चुना, मिरची, हळद, तंबाखू काही भरायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही, टाके शक्यतो लगेच घालायचे नाहीत. त्याच दिवशी दवाखाना. दंडात घ्यायची लस असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आलं असेल, मग तो नुसता ओरखडा का असेना, किंवा लाळ डोळ्या-तोंडाला लागली असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण विचारावं. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तरी ० आणि ३ व्या दिवशीचे दोन डोस घ्यावेच लागतात. पोटात चौदा इंजेक्शनं घेतल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात, ती मेंढ्यांच्या मेंदूपासून बनवलेली लस होती. देशात ती २००४ नंतर बंद झाली. तिच्या धास्तीने आजही काही जण मांत्रिकाकडे नाहीतर गावठी औषधाकडे जातात, आणि तेवढ्यात मोलाचे दिवस निघून जातात.

चावलेल्या कुत्र्याला रागाच्या भरात मारून टाकू नये. याला दयेपेक्षा साधं कारण आहे. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल तर ते कुत्रं १० दिवसांच्या आत आजारी पडून मरतं. १० दिवसांनंतर ते धडधाकट दिसलं तर पुढचे डोस कसे द्यायचे, हे डॉक्टर ठरवू शकतात. मारून टाकलेलं किंवा दूर नेऊन सोडलेलं कुत्रं ही माहिती देत नाही. म्हणून ते कुठलं, कानाला खाच होती का, पिल्लं होती का, झोपलेलं होतं का, त्याच दिवशी आणखी कुणाला चावलं का, हे गल्लीतल्या दोघांनी लिहून ठेवावं आणि रोज लांबूनच त्याच्यावर नजर ठेवावी. पहिलं इंजेक्शन मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायचं नाही.